गार्बेज कशाला म्हणायचे?

इ. स. १४३० च्या सुमाराचे एक इंग्रजी पाककृतींचे हस्तलिखित आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात ‘गार्बेज’ नावाच्या पदार्थाची कृती दिली आहे. कोंबडीची मुंडी, पाय, काळीज आणि पेटा स्वच्छ धुऊन घ्यायचा, गाईच्या किंवा मेंढीच्या मांसाच्या रश्श्यात उकळायचा, पाव घालून दाटपणा आणायचा आणि वर मिरे, लवंग, जायपत्री व केशर घालायचे. वजडी आणि पाया आवडीने खाणाऱ्या मराठी घरांना यात नवल वाटणार नाही. केशर परवडणाऱ्या मुदपाकखान्यातला हा पदार्थ होता, म्हणजे तो गरिबाची तडजोडही नव्हता. पंधराव्या शतकात गार्बेज हे खाण्याच्या वस्तूचे नाव होते. सोळावे शतक संपता संपता त्याला घाण, टाकाऊ असा अर्थ चिकटला आणि ‘हॅम्लेट’मध्ये राजाचे भूत हा शब्द उघड किळसेने उच्चारते.

दीडशे वर्षांत कोंबडी बदलली नाही, तिची मुंडीही बदलली नाही. बदलला तो तिच्याकडे पाहणारा. मग गार्बेज हा शब्द वस्तूचे नाव आहे की कोणीतरी त्या वस्तूविषयी घेतलेल्या निर्णयाचे? निर्णयाचे असेल, तर तो घेण्याचा अधिकार कोणाचा? न्यायालये, उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ, संगणकशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ आणि कचरा वेचून पोट भरणारे कष्टकरी या सगळ्यांना हा प्रश्न आपापल्या वाटेने भेटला आहे. त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत.

भावंडे

इंग्रजीत टाकाऊपणासाठी एकच शब्द कधीच नव्हता. ‘रबिश’ हा शब्द ‘रबल’च्या गोतावळ्यातला, मूळचा पाडलेल्या बांधकामाचा राडारोडा. ‘जंक’ म्हणजे जहाजावरचे जुने दोरखंड. ते फेकत नसत. त्यांचे तंतू पिंजून जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी बुजवत, आणि हे पिंजण्याचे काम ब्रिटनमध्ये कैद्यांकडून आणि गरीबखान्यांतल्या लोकांकडून करून घेत. जंकमध्ये ‘जुने, पण ठेवून दिलेले’ ही छटा आजही शिल्लक आहे. तिचे महत्त्व पुढे जीवशास्त्रात दिसेल.

‘ट्रॅश’ बहुधा स्कँडिनेव्हियन भाषांतून आला आणि त्याचा संबंध गळालेल्या काटक्या-पानांशी असावा. कॅरिबियन बेटांवरच्या ऊसमळ्यांत उसाच्या पाल्याला आणि चोथ्याला ट्रॅश म्हणत. तिथून तो शेतीशास्त्राच्या पुस्तकांत शिरला आणि आपल्याकडच्या पाचटाला कृषी विद्यापीठांत इंग्रजीत ‘शुगरकेन ट्रॅश’ म्हणू लागले. एकाच पाचटाचे तीन हिशेब कसे होतात ते पाहण्यासारखे आहे. तोडणी झाली की पाचट पेटवून रान मोकळे करणाऱ्याला ती अडगळ वाटते. खोडव्यात तेच पाचट सरीत दाबून ओल टिकवणाऱ्याला ते खत असते. हार्वेस्टरने तोडलेला ऊस वजन करून घेताना कारखान्याला ते कपातीचे कारण ठरते, आणि ही कपात किती असावी यावर शेतकरी संघटना व कारखाने भांडतात. पाला तोच असतो.

‘वेस्ट’चा प्रवास सर्वांत लांबचा आणि मला वाटते सर्वांत दुखरा. लॅटिन ‘वास्तुस’ म्हणजे ओसाड. इंग्रजीत तो शब्द आधी जमिनीला लागला. भारतातल्या इंग्रजी महसूल व्यवस्थेने नांगराखाली नसलेल्या, कर न देणाऱ्या जमिनीला ‘वेस्ट’ ठरवले. तिथे कोणाची मेंढरे चरतात हे त्या शब्दात मावत नव्हते. स्वतंत्र भारतातही सरकारी ‘वेस्टलँड ॲटलास’ निघत आले. पुणे-सोलापूर पट्ट्यातली माळराने अशा वर्गवारीत गेल्याबद्दल परिसरशास्त्रज्ञांची जुनी तक्रार आहे, कारण लांडगा आणि माळढोक यांचे ते घर, आणि धनगरांच्या कळपांचे चराऊ रान. जमिनीला ‘वाया गेलेली’ म्हटले की तिच्यावर झाडे लावणे किंवा कारखाना उभारणे आपोआप सुधारणा ठरते.

रोजच्या वापरात अमेरिकन माणूस गार्बेज आणि ट्रॅश म्हणतो, इंग्रज रबिश म्हणतो आणि गार्बेज हा शब्द बरेचदा निरर्थक बडबडीसाठी राखून ठेवतो. भारतीय इंग्रजीने सगळेच शब्द घेतले.

पालिकेची व्याख्या: वस्तूवरून

गार्बेजला नेमका अर्थ देण्याचा पहिला मोठा प्रयत्न न्यूयॉर्क शहराने केला. १८९५ मध्ये जॉर्ज वॉरिंग हा सांडपाणी अभियंता रस्तेसफाई विभागाचा आयुक्त झाला. त्याने झाडूवाल्यांना पांढरे गणवेश दिले, आणि पुढच्या वर्षी घराघरांना कचरा तीन भागांत वेगळा ठेवायला लावला. गार्बेज म्हणजे स्वयंपाकघरातले ओले, ॲश म्हणजे चुलीतली राख, रबिश म्हणजे उरलेले कोरडे. यामागे बाजारभावाचे गणित होते. गार्बेज बॅरन बेटावरच्या कारखान्यात उकळून चरबी आणि खत काढत, राख रायकर्स बेटाच्या भरावाला जाई आणि रबिशमधून चिंध्या, कागद, धातू निवडून विकत. प्रत्येक शब्दाला एक गिऱ्हाईक होते.

ही व्यवस्था टिकली नाही. अनेक अमेरिकी शहरांत ओले गार्बेज डुकरांना घालत. १९५० च्या दशकात डुकरांत रोगाची साथ पसरल्यावर ते शिजवूनच घालण्याचे कायदे राज्याराज्यांत झाले आणि धंदा महागला. लॉस एंजेलिसमध्ये १९६१ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत सॅम यॉर्टी यांनी गृहिणींना कचरा वेगळा करण्याच्या कटकटीतून सोडवण्याचे वचन दिले आणि ते निवडून आले. दाबून भरणारी गाडी आली, सगळे एकत्र जाऊ लागले आणि शब्दांमधल्या सीमाही पुसल्या.

त्या सीमा पुन्हा आखल्या त्या पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅथजे यांनी. ॲरिझोना विद्यापीठात १९७३ मध्ये त्यांनी ‘गार्बेज प्रोजेक्ट’ सुरू केला. विद्यार्थी टूसॉनमधल्या घरांचा कचरा टेबलावर ओतून एकेक वस्तू नोंदवत. १९९२ मध्ये कलन मर्फी यांच्यासोबत लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी शब्द पक्के केले: कोरडे ते ट्रॅश, ओले ते गार्बेज, दोन्ही मिळून रेफ्यूज, आणि त्यात बांधकामाचा राडारोडा मिळवला की रबिश. आपल्या सोसायट्यांतला ओला कचरा आणि सुका कचरा हा भेद हाच आहे.

रॅथजेंचे खरे काम मात्र व्याख्येच्या पलीकडचे होते. लोक सांगतात एक आणि टाकतात दुसरेच, हे त्यांनी दाखवले. मद्य किती पितो याचे घरोघरी दिलेले उत्तर बाटल्यांच्या मोजणीपेक्षा कमी भरे. १९७३ मध्ये गोमांसाची टंचाई झाली तेव्हा ते वाया जाण्याचे प्रमाण उलट वाढले होते. लोक घाबरून जास्त घेत आणि ते नासे. पुढे कचराभूमी खणल्यावर अनेक दशकांपूर्वीची वर्तमानपत्रे वाचता येण्याजोगी निघाली आणि गाडलेला कचरा आपोआप कुजतो या समजुतीला तडा गेला. फास्टफूडची वेष्टने आणि बाळांचे लंगोट यांनी कचराभूमी भरल्या आहेत असे लोकांना वाटे. प्रत्यक्षात त्यांचा वाटा अगदी थोडा आणि कागदाचा फार मोठा निघाला. कचऱ्याविषयीची मते कचरा न पाहताच बनतात, हा या प्रकल्पाचा धडा मला आजही सर्वांत उपयोगी वाटतो.

न्यायालयाची व्याख्या: हेतूवरून

कायद्याला वस्तूवरून व्याख्या करणे जमत नाही, कारण तीच वस्तू एकाच्या हातात माल असते आणि दुसऱ्याच्या हातात कचरा. म्हणून कायदा हेतू पाहतो. मात्र टाकण्याचा हेतू म्हणजे मालकी सोडण्याचा हेतू का, इथेच दोन देशांच्या वाटा फुटल्या.

इंग्लंडमध्ये १९५७ च्या ‘विल्यम्स विरुद्ध फिलिप्स’ खटल्यात कचरागाडीवरच्या कामगारांनी डब्यांतल्या वस्तू स्वतःसाठी ठेवल्या होत्या. न्यायालयाने ती चोरी ठरवली. घरमालकाने डब्यात टाकलेली वस्तू वाऱ्यावर सोडलेली नसते. ती पालिकेने न्यावी म्हणून ठेवलेली असते. उचलेपर्यंत ती घरमालकाची, उचलल्यावर पालिकेची. मधल्या कोणाची ती कधीच नसते.

अमेरिकेत १९८८ च्या ‘कॅलिफोर्निया विरुद्ध ग्रीनवुड’ खटल्यात प्रश्न खासगीपणाचा होता. लगुना बीचच्या पोलिसांनी सफाईवाल्याकडून एका घराच्या पिशव्या मागवून घेतल्या आणि त्यांत अमली पदार्थांचे पुरावे शोधले. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला की रस्त्याकडेला ठेवलेल्या पिशवीबाबत खासगीपणाची अपेक्षा धरता येत नाही. कुत्री, मुले, भंगार शोधणारे कोणीही ती उघडू शकतात. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी भिन्नमत लिहिले. माणूस काय खातो, काय वाचतो, कोणती औषधे घेतो, कोणावर प्रेम करतो हे एका पिशवीतून कळते आणि बंद पिशवी ही बंद पेटीइतकीच खासगी आहे, अशी त्यांची भूमिका होती. दोनच वर्षांनी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या राज्यघटनेच्या आधारे उलटा निकाल दिला. त्यामुळे पोलिसांनी पिशवी उघडावी की नाही, हे अमेरिकेत ती कोणत्या राज्यात ठेवली आहे यावरही अवलंबून असते.

पर्यावरण कायद्यात गुंता आणखी वाढतो. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यात ‘घनकचरा’ या संज्ञेत द्रव आणि टाकीत कोंडलेला वायूही येतो. कळीचा शब्द ‘टाकून दिलेले’ हा आहे. १९८७ मध्ये खाण उद्योगाने सरकारी पर्यावरण संस्थेविरुद्धचा खटला जिंकला: कारखान्यात निघालेला अवशेष त्याच प्रक्रियेत पुन्हा घातला जात असेल, तर तो टाकून दिलेला नाही. युरोपीय संघाची व्याख्या जवळची आहे. ताबेदार जी वस्तू टाकतो, टाकू इच्छितो किंवा जी टाकणे त्याला भाग आहे, तो कचरा. वाचायला सोपी असलेली ही व्याख्या युरोपच्या न्यायालयाने गेली काही दशके खटल्यामागून खटल्यात सोडवली आहे. २००४ मध्ये ब्रसेल्समधल्या एका पेट्रोलपंपातून गळलेल्या इंधनाने भिजलेली माती न खणताही कचरा ठरली, आणि २००८ च्या नव्या निर्देशाने न खणलेली माती पुन्हा व्याख्येबाहेर काढली. २०१३ मध्ये चुकून दुसऱ्या रसायनाची भेसळ झालेले, ग्राहकाने परत पाठवलेले डिझेल न्यायालयासमोर आले. ते पुन्हा मिसळून विकण्याचा कंपनीचा हेतू खरा असेल, तर तो कचरा नव्हे, असे न्यायालय म्हणाले.

कंपनीचा हेतू मनात असतो आणि विषारी द्रव्य टाकीत असते. हेतूवाद्यांचे म्हणणे असे की प्रत्येक उरलेल्या वस्तूला कचऱ्याचे नियम लावले, तर पुनर्वापर करणाऱ्यालाच शिक्षा होईल. विरोधकांचे उत्तर असे की ‘आम्ही हे वापरणार आहोत’ या एका वाक्याने घातक माल देखरेखीतून निसटतो. दोन्ही बाजूंना खऱ्या अनुभवाचा आधार आहे.

हा पेच समुद्रावरही आला. घातक कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीवरचा बाझल करार १९८९ मध्ये झाला आणि १९९२ मध्ये लागू झाला. ३१ डिसेंबर २००५ रोजी ‘क्लेमाँसो’ ही फ्रान्सची निवृत्त विमानवाहू नौका तूलाँ बंदरातून गुजरातमधल्या अलंगकडे निघाली. तिच्यात ॲस्बेस्टॉस होते. फ्रेंच सरकारच्या मते ती युद्धनौका होती, कचरा नव्हे. पर्यावरण संघटनांच्या मते तोडायला निघालेले जहाज म्हणजे तरंगता घातक कचरा. फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने पाठवणीला स्थगिती दिली, राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी नौका परत बोलावली आणि शेवटी ती इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तोडली गेली.

अभ्यासकांची व्याख्या: जागेवरून आणि किमतीवरून

मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांचे १९६६ चे ‘प्युरिटी अँड डेंजर’ हे पुस्तक या चर्चेचा पाया मानले जाते. घाण म्हणजे जागा चुकलेली वस्तू, हा त्यातला विचार. जोडा घाण नसतो, तो जेवणाच्या टेबलावर ठेवला की घाण होतो. प्रत्येक समाज वस्तूंची मांडणी करतो आणि मांडणीत न बसणारे ते अशुद्ध ठरते.

मायकेल थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये ‘रबिश थिअरी’त मोजमाप बदलले. काही वस्तूंची किंमत काळाबरोबर उतरत जाते, काहींची चढत जाते, आणि मधे एक शून्य किमतीचा अंधारा कोपरा असतो. तिथे कोणाचे लक्ष नसते, म्हणूनच एखादी वस्तू तिथून वर येऊ शकते. त्यांचे उदाहरण कॉव्हेंट्रीला विणलेल्या रेशमी चित्रांचे होते. ती आधी स्वस्तात विकली गेली, मग कोणी विचारेना आणि नंतर संग्राहकांनी चढ्या भावाने घेतली. मला या सिद्धांताची कसोटी मुंबईत दिसते. पहिली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये नौदलातून निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी राहिली, मग देखभाल परवडेना म्हणून भंगारात निघाली आणि २०१४ मध्ये दारूखान्याच्या गोदीत तिची तोडणी सुरू झाली. तिच्या पोलादाचा अंश घातलेली मोटरसायकल २०१६ मध्ये बाजारात आली आणि लोकांनी ती अभिमानाने घेतली. थॉम्पसन यांच्या मांडणीत वारसा ठरलेली वस्तू सहसा खाली येत नाही. विक्रांत खाली आली आणि पुन्हा वरही गेली.

अलीकडचे अभ्यासक डग्लस यांच्यावर दोन बाजूंनी आक्षेप घेतात. कॅनडातील मॅक्स लिबॉयरॉन यांचे म्हणणे असे की कारखान्यांतून निघणारा आजचा कचरा जागा चुकलेला नाही. कचराभूमी, नदी, गरीब वस्ती ही त्याची ठरवूनच दिलेली जागा आहे. घरातल्या चपलेसाठी केलेला सिद्धांत प्लास्टिकच्या उद्योगाला लावला, की सत्तेचा प्रश्न झाकला जातो.

दुसरा आक्षेप भारतातून येतो आणि तो मला अधिक मूलगामी वाटतो. घाण कोणती हे ठरवणारी व्यवस्था ती कोणी उचलायची हेही ठरवते. महाराष्ट्रात गावातली मेलेली जनावरे ओढणे हे महारांचे काम ठरवले गेले होते. कातडे आणि मांस हा त्याचा मोबदला समजत. गावाने टाकलेले हे जनावर उचलणाऱ्याचे हक्काचे उत्पन्नही होते आणि अस्पृश्यतेचा शिक्काही. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेली जनावरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा तो हक्क पोटाला चिमटा काढून नाकारण्याचाच निर्णय होता. डग्लस यांची मांडणी व्यवस्था कशी दिसते ते सांगते. ओझे कोणाच्या डोक्यावर आहे ते तिच्यात दिसत नाही. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ चा आणि मग २०१३ चा कायदा करूनही माणसे गटारांत मरतात, तेव्हा हा आक्षेप पुस्तकी राहत नाही.

संगणक आणि गुणसूत्रे

काटेकोर व्याख्या एकाच क्षेत्राला साधली आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस एमआयटीत लिस्प ही संगणकभाषा बांधताना, वापरून झालेली स्मृती परत मिळवण्याची पद्धत काढली. आपसात ते तिला ‘गार्बेज कलेक्शन’ म्हणत. १९६० च्या शोधनिबंधात मात्र तो शब्द नाही. छापायला आपल्याला धीर झाला नाही, असे त्यांनी नंतर नोंदवले. आज पुण्या-बंगळुरूच्या कार्यालयांत हा शब्द दिवसातून कितीदा उच्चारला जात असेल!

इथली व्याख्या अशी: चालू प्रोग्रॅमच्या मुळापासून दुव्यामागून दुवा धरत जिथवर पोहोचता येते ते जिवंत, बाकी सारे गार्बेज. यात हेतू नाही, किळस नाही, किंमत नाही. तरी एक फट राहतेच. दुवा शिल्लक आहे, पण पुन्हा कधीच वापरली जाणार नाही अशी स्मृतीही असते आणि ती उचलली जात नाही. पुढे काय वापरले जाईल हे आधीच अचूक सांगणारी सर्वसाधारण पद्धत असू शकत नाही, हे गणिताने सिद्ध होते. ‘लागेल कधीतरी’ हा प्रश्न यंत्रालाही सुटलेला नाही.

जीवशास्त्रात वाद अजून धगधगता आहे. माणसाच्या डीएनएचा सुमारे दीड टक्का भागच प्रथिनांचे आराखडे वाहतो. सुसुमू ओनो यांनी १९७२ मध्ये उरलेल्यातल्या बऱ्याच भागाला ‘जंक’ म्हटले. २०१२ मध्ये ‘एन्कोड’ प्रकल्पाने ८० टक्के डीएनएला काही ना काही जैवरासायनिक कार्य असल्याचे जाहीर केले आणि जंक डीएनए संपला अशा बातम्या झळकल्या. जीवशास्त्रज्ञ डॅन ग्राउर आणि इतरांनी तिखट उत्तर दिले: रेणूची हालचाल दिसली म्हणजे कार्य सिद्ध होत नाही, उत्क्रांतीने जपलेला भाग तेवढाच कार्यक्षम. ऑक्सफर्डच्या एका गटाने २०१४ मध्ये तो सुमारे ८ टक्के मोजला. कांद्याचा डीएनए माणसाच्या पाचपट आहे, तर त्यातल्या प्रत्येक अक्षराला काम आहे का, हा प्रश्नही विचारला गेला.

सिडनी ब्रेनर यांनी या वादात एक साधा भेद आणला. फेकून देतो ते गार्बेज, ठेवून देतो ते जंक. डीएनए टाकला गेलेला नाही, म्हणून तो गार्बेज नव्हे. माळ्यावर पडून असलेला आहे आणि एखाद्या दिवशी उत्क्रांतीच्या कामी येईलही. जहाजावरच्या जुन्या दोरखंडाचा अर्थ इथे शास्त्राच्या उपयोगी पडला. तरी ‘कार्य’ कशाला म्हणायचे यावर दोन्ही गटांचे एकमत नाही.

वेचणाऱ्यांची व्याख्या

पुण्यात १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. नावात कचरा हा शब्द नाही, मालाची यादी आहे. सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया. २००८ मध्ये याच संघटनेतून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार केला आणि त्या दारोदार जाऊन कचरा गोळा करू लागल्या. ओला पालिकेच्या गाडीत आणि सुक्यातला विकण्याजोगा माल त्यांचा. त्याच वर्षी बोगोटा इथे कचरावेचकांची पहिली जागतिक परिषद भरली आणि अपमानकारक जुन्या नावांऐवजी ‘वेस्ट पिकर’ ही संज्ञा पुढे आली. भारताच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत तिची व्याख्या करण्यात आली.

वाद मालकीचा आहे. पालिकांची बाजू अशी: शहराच्या आरोग्याची जबाबदारी आमची, म्हणून कचऱ्यावर ताबाही आमचा हवा, टनामागे मोबदला घेणारा कंत्राटदार जबाबदार धरता येतो, वेचण्याचे काम धोक्याचे आहे आणि त्यात मुले ओढली जातात. वेचकांची बाजू अशी: आम्ही निवडेपर्यंत त्या ढिगाला किंमत नव्हती, ती आमच्या हातांनी आली, आता किंमत दिसली म्हणून कंत्राटदार आणि कचऱ्यापासून वीज करणारे प्रकल्प पुढे येत आहेत. जाळायला कोरडा, चांगला पेटणारा माल लागतो, म्हणजे नेमका कागद आणि प्लास्टिक. विल्यम्स खटल्याचा तर्क इथे लावला तर वेचकांना हक्क नाही; थॉम्पसन यांचा लावला तर किंमत निर्माण करणाऱ्या त्याच आहेत. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण पालिकेच्या आरोग्याच्या मुद्द्याला वेचकांच्या संघटनाही खोडत नाहीत. त्या हातमोजे, ओळखपत्र आणि विमा मागतात.

मोठ्या व्यापारातही हेच भांडण आहे. अमेरिकेतल्या भंगार उद्योगाची संघटना वर्षानुवर्षे सांगत आली की स्क्रॅप म्हणजे वेस्ट नव्हे. २०२४ मध्ये तिने आपल्या नावातूनही स्क्रॅप काढून ‘रिसायकल्ड मटेरियल्स’ घातले. उलट चीनने १ जानेवारी २०१८ पासून चोवीस प्रकारच्या मालाची आयात थांबवली तेव्हा त्याला ‘परदेशी कचरा’ म्हटले. गठ्ठे तेच, बंदर तेच.

माणसांना लागलेला शब्द

अमेरिकेत गरीब गोऱ्यांना ‘व्हाइट ट्रॅश’ म्हणणे एकोणिसाव्या शतकापासून चालत आले आहे; नॅन्सी आयझेनबर्ग यांनी २०१६ मध्ये त्याचा इतिहास लिहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रम्प यांच्या न्यूयॉर्कमधल्या प्रचारसभेत एका विनोदवीराने प्वेर्तो रिकोला गार्बेजचे तरंगते बेट म्हटले. दोन दिवसांनी तत्कालीन अध्यक्ष बायडन यांच्या तोंडी तोच शब्द आला. तो विरोधकाच्या समर्थकांना उद्देशून होता की एका समर्थकाच्या भाषेला, यावर वाद पेटला आणि शासकीय नोंदीत ॲपॉस्ट्रॉफी हे संबंधदर्शक चिन्ह कुठे द्यायचे हा राष्ट्रीय प्रश्न झाला. ट्रम्प कचऱ्याच्या गाडीत चढून छायाचित्रकारांना सामोरे गेले. वस्तूसाठीचा शब्द माणसाला लावला की निर्णय कोणाचा हा प्रश्न सर्वांत उघडा पडतो, कारण इथे ज्याच्याविषयी निर्णय घेतला तो बोलू शकतो.

न सुटलेले

काही मुद्द्यांवर आता फारसा वाद उरलेला नाही. टाकाऊपणा हा वस्तूचा अंगभूत गुण आहे असे गंभीरपणे म्हणणारे थोडे आहेत. पण ॲस्बेस्टॉस, शिसे, पारा यांचा धोका कोणाच्या निर्णयावर अवलंबून नाही, हेही तितकेच खरे. हेतूवर बेतलेली व्याख्या त्यांच्यापुढे तोकडी पडते, आणि वस्तूंच्या यादीवर बेतलेली व्याख्या नव्या रसायनांच्या मागे धावत राहते. जुने कपडे, जुने मोबाइल देणगी किंवा ‘सेकंडहँड माल’ म्हणून जहाजात चढतात, तेव्हा कचरा नेमका कोणत्या बंदरात जन्मला हे ठरवणारी सर्वमान्य कसोटी नाही.

वेळेचा प्रश्नही मोकळा आहे. वस्तू कचरा कधी होते: टाकल्यावर, विकत घेतल्यावर की कारखान्यात बनल्यावरच? प्लास्टिक प्रदूषणावरच्या जागतिक करारासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात झालेली बैठक एकमताविना संपली. प्लास्टिकच्या उत्पादनालाच मर्यादा हवी, असे काही देश म्हणत होते. तेल आणि रसायनांचे उत्पादक देश टाकून दिलेल्या प्लास्टिकच्या व्यवस्थापनापुरतेच बोलायला तयार होते. एकवापर पिशवी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हाच गार्बेज असते, असे पहिल्या गटाच्या मागणीत गृहीत आहे. ती रस्त्यावर पडेपर्यंत माल आहे, असे दुसऱ्याच्या. वाटाघाटी पुढे चालू ठेवायच्या, एवढे ठरले.